बाबांचं मस्कत, माझी फरफट

परदेशी जायचं तर इतरांना व्हिसा आणि बॅगेचं वजन एवढीच काळजी. ज्याचे आईबाप त्या देशात राहून आलेत, त्याला आधी घरातल्या इमिग्रेशनमधून सुटावं लागतं.

बाबा ऐंशीच्या दशकात मस्कतला एका बांधकाम कंपनीत हिशेब लिहायचे. नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या घरी तूरडाळ अजून निडो दूध पावडरच्या डब्यात असते. मी जातो म्हटल्यावर त्यांनी सूत्रं हाती घेतली.

"गुरुवारी कुठं जाऊ नको, सुट्टी असते."

"बाबा, 2013 पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते तिथे."

"काऊन? कोणं बदलवली?" जणू फाईल यांच्या टेबलावरून जायला हवी होती.

मग ऊन. 45 अंशांत कूलरच्या टाकीत पाणी ओतता ओतता बाबा म्हणाले, "हे काही ऊन नाही बे. तिथं समुद्र आहे, कूलर लावला तर माणूस भिजून निघते. एसीच पाह्यजे." दुसऱ्या गावाचं ऊन आपल्यापेक्षा जास्त आहे हे कबूल करणारा नागपूरकर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आईने बॅगेत संत्रा बर्फी आणि कुरड्या कोंबल्या. कोणासाठी? "भेटतेच कोणीतरी आपलं."

पैशाचं मात्र जमेना. रियालचे हजार बैसा होतात, इथपर्यंत आमचं एकमत. पण बाबांच्या डोक्यात रियाल म्हणजे सत्तावीस रुपये. आता तो दोनशेच्या वर गेलाय हे त्यांना मान्य आहे, पटलेलं नाही.

मस्कतला उतरलो आणि फोन सुरू झाले. बाबा पाचला उठतात. मस्कतचं घड्याळ दीड तास मागे, म्हणजे माझे साडेतीन. "उठला का? मत्र्याच्या बाजारात मासळी आली असंल, जाऊन पाह्य."

शेवटी मुकाट्याने टॅक्सी केली. तिथे टॅक्सीवाले ओमानीच, पण आमच्या पांढऱ्या दाढीवाल्या चाचांची हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार. तीन रियाल ठरले. मत्र्याच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, लोबानाच्या धुरात चार शिंका दिल्या, आणि रुवी भागात आईबाबांची जुनी बिल्डिंग शोधायला निघालो. बाबा स्पीकरवर.

"गोल चौकातून उजवीकडे घ्या."

"साहब, वो गोल चौक कब का निकल गया, अब सिग्नल है."

"निकल गया? और वो कोनेवाला चायवाला?"

संपलं. त्या चहावाल्यावर पंधरा मिनिटं गेली. मग बिल्डिंग रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती यावर वाद. चाचा म्हणाले डावी, बाबा म्हणाले उजवी, मागून आई म्हणाली, "खिडकीत सकाळचं ऊन यायचं नं, पूर्वेकडं पाहा." मी भर उन्हात उतरून एका मोबाईलच्या दुकानाचे फोटो काढले, आधी समोरून, मग बाबांच्या हुकमावरून बाजूने. दुकानदार बाहेर आला. निघाला केरळचा. कुरड्या त्याला दिल्या.

परतल्यावर चाचांनी सहा रियाल मागितले. मी म्हटलं, तीन ठरले होते.

"दे बे," फोनमधून बाबा कडाडले, "ऐंशी रुपयांसाठी मस्कतमध्ये माझी इज्जत घालवतं का?"