हो काका, धुते मी

आज नाइट करून घरी आले आणि झोपायच्या आधी फोन हातात घेतला, तीच चूक झाली. फॅमिली ग्रुपवर भाचीने जर्मनच्या बी१ परीक्षेचा निकाल टाकला होता. पोरगी नर्सिंगची नोकरी करते, नाइट संपवून तशीच क्लासला बसायची, बसल्या बसल्या डुलक्या काढायची, तरी पास झाली. खाली अभिनंदन, टाळ्या, फुलं. आणि मग आमच्या काकांचं वाक्य: "एवढं शिकून तिकडे म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणंच काढायचं ना शेवटी?"

त्याला चार अंगठे. चार! चौघांनाही माहीत आहे की मी जर्मनीत सात वर्षं हेच करते.

भाचीने एक हसरा चेहरा टाकला आणि दहा मिनिटांनी मला फोन. "मावशी, खरंच तसंच असतं का गं?"

म्हटलं, नाइट करून आलेय, नंतर बोलू. आता तीन तास झाले, पडदे लावून पडलेय आणि टक्क जागी आहे. तर इथेच लिहिते. काका, तुम्ही हे वाचणार मला माहीत आहे, तुम्ही माझ्या सगळ्या पोस्ट वाचता आणि लाइक मात्र करत नाही.

हो, तसंच असतं. सकाळी सहाला हँडओव्हर, आणि मग पहिलं काम आंघोळी. ग्रुंडफ्लेगे म्हणतात त्याला, मूलभूत शुश्रूषा. उठवणं, धुणं, दात घासणं, कपडे बदलणं, कूस बदलणं, भरवणं, आणि हो, काका, तुम्ही म्हणता तेसुद्धा. आपल्या हॉस्पिटलांत नर्सने इंजेक्शनं द्यायची, फाइल लिहायची, राउंडला उभं राहायचं. अंग पुसायचं ते वॉर्डातल्या मावशींनी, नाहीतर पेशंटच्या बायकोने. इथे मदतनीस असतात, पण त्या आहेत म्हणून नर्स सुटत नाही. उलट रक्त काढणं, सलाइनची सुई लावणं ही आम्हाला भूषणाची वाटणारी कामं बऱ्याच वॉर्डांत डॉक्टरच करतात. भाची मला मावशी म्हणतेच, इथे येऊन मी दोन्ही अर्थांनी मावशी झाले.

मी इथे आले ती अकरा वर्षं आयसीयूत काढून. व्हेंटिलेटरचा अलार्म झोपेत ओळखणारी. रात्री तीनला कुणी कोसळलं की डॉक्टर यायच्या आत अर्धं काम उरकलेलं असायचं. आणि पहिल्या दिवशी माझ्या हातात काय दिलं, तर पाण्याचं घमेलं, दोन टॉवेल आणि हातमोज्यासारखे घालायचे दोन कापडी तुकडे. त्या दिवशी मी स्टाफच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. काकांनी आज ग्रुपवर जे लिहिलं ना, ते मी तेव्हा शब्दन् शब्द मनात म्हटलं होतं. म्हणून तर इतकं झोंबलं असेल.

आता चौदा नंबरच्या खोलीतल्या आजींचं सांगते.

नव्वदीच्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. शिकवलं होतं तसं मी दार वाजवून आत गेले, पाणी किती गरम हवं विचारलं. चेहरा आधी, साबण न लावता. जो भाग धुवायचा तेवढाच उघडा, बाकीच्यावर टॉवेल. मी तो कापडी मोजा उचलून म्हटलं, "दी वाशलापेन." आजी म्हणाल्या, "डेर." (जर्मनमध्ये नामाआधी त्याचं लिंग सांगणारा शब्द लागतो: दी स्त्रीलिंगी, डेर पुल्लिंगी.) मी पुन्हा "दी". आजी पुन्हा "डेर". तोंडाला पाणी लागलेलं, डोळे मिटलेले, पण माझं व्याकरण सोडायच्या नाहीत. मनात म्हटलं, बाई गं, तुझी पाठ धुवू की लिंग पाठ करू.

मग कुशीवर वळवलं. माकडहाडावर लाल डाग, जुन्या रुपयाएवढा. बोटाने दाबला, सोडला. चांगली कातडी दाबली की पांढरी पडते आणि मग पुन्हा लाल होते. हा पांढरा झालाच नाही. बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी ती. कातडी फाटलेली नाही, पेशंटची तक्रार नाही, कुणाला काही दिसत नाही, आणि आत नुकसान सुरू झालेलं असतं.

कॉरिडॉरमध्ये धावले. तिथली सगळ्यात जुनी सिस्टर औषधं लावत होती. आणि माझं सगळं जर्मन उडून गेलं. तोंडातून आले ते एवढेच शब्द: "रोट. ड्रुकेन. ब्लाइब्ट रोट." लाल. दाबणं. लालच राहतं. (दाबणं नव्हे, हे मला नंतर कळलं. दाबणं म्हणजे ड्र्यूकेन. ड्रुकेन म्हणजे छापणं. मी तिला सांगत होते: लाल, छापणं, लालच राहतं.) ती आली, तिने स्वतः बोट लावून बघितलं. मग दर दोन तासांनी कूस, पाठीमागे उशी लावून तीस अंशांवर कलतं झोपवणं, टाचा अधांतरी. कौतुकाचा एक शब्द नाही, इथे तशी पद्धतच नाही. फक्त चार्टवर नोंद केली आणि सहीच्या जागी पेन माझ्याकडे दिलं. चार दिवसांनी डाग गेला.

आता सांगा काका, तो डाग कुणाला दिसला असता? इंजेक्शन देऊन पुढच्या बेडकडे पळणाऱ्या मला? पाठ बघायची तर पाठ धुवावी लागते. धुताना मी कातडी बघते, श्वास मोजते, माणूस काल ओळखत होता ते आज ओळखतो का बघते, घास घशात अडकतो का बघते. लोकांना वाटतं, पाणीच तर फिरवतेय.

आणि बारा मेला हातात दिवा घेतलेल्या त्या बाईचं चित्र ग्रुपवर कोण टाकतं? तुम्हीच. फ्लोरेन्स नाइटिंगेल पैसेवाल्या घरातली. नर्स होते म्हणाली तर घरच्यांनी हेच नाक मुरडलं होतं. १८५१ साली ती शिकायला गेली कुठे माहीत आहे? काइझर्सवेर्थला. ऱ्हाइनच्या काठी, जर्मनीत! आणि १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेली तेव्हा आधी घाण काढली, कपडे धुवायची सोय केली. दिव्याचं कौतुक नंतर झालं. म्हणजे परदेशात जाऊन धुणारी बाई तुम्हाला चित्रात चालते, घरातली चालत नाही.

बरं. थोडी शांत होते. पाणी पिऊन आले.

भाचे, तू वाचत असशील तर इथून पुढचं तुझ्यासाठी. इथे सगळं छान छान आहे असं मी म्हणत नाहीये. तुझी कागदपत्रं तपासतील आणि तुला एक पत्र येईल. आमच्यात सगळे त्याला डेफिझिटबेशाइड म्हणतात. डेफिझिट म्हणजे कमतरता! तुझ्या शिक्षणात काय काय कमी आहे त्याची सरकारी यादी. माझ्या यादीत वृद्धांच्या शुश्रूषेचे तास कमी होते, घरी जाऊन करायच्या शुश्रूषेचे कमी होते. अकरा वर्षांच्या आयसीयूबद्दल त्यात काय होतं ते मी तेव्हा शोधत बसले नाही, इतका संताप आला होता. मग एक तर पुरवणी प्रशिक्षण, नाहीतर तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा. तोवर तू नर्स नाहीस, मदतनीस. पगारही मदतनिसाचा. बी२ शिवाय, म्हणजे जर्मनची पुढची पायरी पास केल्याशिवाय, नोंदणीचं नावच काढू नकोस. हा काळ वाईट असतो, खोटं सांगणार नाही. डाग तुला दिसतो आणि सांगायला शब्द नसतो.

आणि एजंट. ह्यांच्याबद्दल बोलताना माझी जीभ सुटते, माफ करा. माझ्यासोबत आलेल्या दोघींना आयसीयू सांगितलं होतं आणि उतरवलं वृद्धाश्रमात. वृद्धाश्रमात काम करणं कमी नाही, वर एवढं घसा फोडून सांगतेय ते तेच. पण मग तसं सांगा ना! दोघींच्या तोंडाला चक्क पानं पुसली. शिवाय करारात कलम, की ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर खर्च परत करा. करार जर्मनमध्ये, सही करणारीचं जर्मन तेव्हा "माझं नाव अमुक, मला दोन बहिणी आहेत" एवढंच. तेव्हा ज्याची भाषा कळत नाही त्या कागदावर सही करायची नाही, माझ्याकडे पाठव. आणि जो तुझ्याकडून पैसे मागतो त्याला नमस्कार करायचा. जीआयझी ही सरकारी संस्था इथल्या रोजगार खात्याबरोबर २०१३ पासून ट्रिपल विन नावाचा कार्यक्रम चालवते, त्यात भरतीचा खर्च नोकरी देणारा करतो. म्हणजे रीतसर रस्ता आहे.

आता कुणीतरी खाली लिहीलच, की तुम्ही सगळ्या गेलात तर इथल्या पेशंटांचं काय. बरोबर आहे. माझ्या जुन्या वॉर्डात माझ्यानंतर बराच काळ कुणी आलं नाही हे मला ठाऊक आहे, आणि ते आठवलं की बरं वाटत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो की जगात दर सात नर्सपैकी एक तिच्या जन्माच्या देशाबाहेर काम करते. त्या सगळ्यांना काय स्वदेशाचा कंटाळा आला होता? आणि हा प्रश्न इंजिनिअर पुतण्याला विमानतळावर सोडायला गेलात तेव्हा नाही विचारलात. तेव्हा तर हार होता.

पैशासाठी गेलीस, असंही म्हणतात. हो, गेले. पुढे?

हे सगळं लिहून झाल्यावर खरं जे डोक्यात घोळतंय ते आता येतंय. काका, आपली आजी.

शेवटचे पाच महिने ती पलंगावर होती. मी आयसीयूत, डबल ड्युट्या, रजा नाही. तुम्ही तिच्या उशाशी रात्र रात्र जागलात, चमच्याने पाणी पाजलंत, ते मी कधी विसरणार नाही. मी रजेवर आले, तिच्या खोलीत गेले आणि वास आला. नर्सला तो वास कळतो. कुशीवर वळवलं तर माकडहाडाशी जखम, आत हाडापर्यंत. सगळं घर तिच्यासाठी झटत होतं आणि तिची पाठ कुणी बघितली नव्हती. लाज वाटायची सगळ्यांना. चेहरा पुसायचा, हातपाय पुसायचे, पातळ नीट करायचं. मला तरी फोनवर "पाठ बघता का" असं विचारायचं कुठे सुचलं होतं? ती जेवली का, झोपली का, एवढंच मी विचारायचे. अकरा वर्षं आयसीयूवाली.

चौदा नंबरच्या आजींना वळवलं तेव्हा माझं बोट आपोआप त्या जागी गेलं ते उगाच नाही.

तुम्हाला दोष देत नाहीये, काका. सकाळी देणार होते.

भाचीला मगाशी मेसेज टाकला: हो, तसंच असतं, ये. सोबत व्हॉइस नोट, रोट, ड्र्यूकेन, ब्लाइब्ट रोट. ओठ शिट्टी वाजवताना करतात तसे कर आणि त्या ओठांनीच "ई" म्हण, असंही सांगितलं. तिच्या आतापर्यंत सहा व्हॉइस नोट आल्यात. अजून छापतेच आहे.