‘आम्ही असताना एकही झुरळ नव्हतं’: भाड्याच्या घरातल्या किडीबद्दलच्या एका संदेशाला उत्तर

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दर पावसाळ्यात एक संदेश फिरतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: ‘कीड भाडेकरूच्या अस्वच्छतेमुळे होते, आम्ही राहत असताना एकही झुरळ नव्हतं. घर बघून घेतलंत, सही केलीत, आता तक्रार चालणार नाही. अकरा महिन्यांच्या करारात भाडेकरूला कसलेही हक्क नसतात. ओल पावसाळ्याची असते, रंग मारला की जाते. पेस्ट कंट्रोल एकदा केलं की वर्षभर बघायला नको, आणि तो खर्च राहणाऱ्याचाच.’ खाली हात जोडलेले.

मालकांनी असं म्हणावं यात नवल नाही. पण भाडेकरूही हे खरं मानून मुकाट्यानं हिट फवारत बसतात, म्हणून एकेक वाक्य तपासू.

‘कीड भाडेकरूच्या अस्वच्छतेमुळे होते.’

कुठली कीड, हे आधी सांगा. प्रत्येकीचा यायचा रस्ता वेगळा असतो आणि जबाबदारी कोणाची हे बहुतेक वेळा त्या रस्त्यावरूनच कळतं.

वाळवी जमिनीतून येते. भिंतीच्या कडेनं मातीची नळी करत ती चौकटीपर्यंत, तिथून कपाटाच्या प्लायवूडमध्ये शिरते. भाडेकरू रोज फरशी पुसो वा न पुसो, तिला फरक पडत नाही.

मोठं तपकिरी झुरळ ड्रेनेजमधलं. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालच्या वाटीत, थोडं पाणी कायम साचून राहतं आणि तेवढंच खालून येणारी वाट आणि दुर्गंधी अडवतं. फ्लॅट महिना-दीड महिना बंद राहिला की ते पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. म्हणजे ‘आम्ही असताना एकही नव्हतं’ हे मालकाचं म्हणणं अगदी खरं असू शकतं. ते रोज आंघोळ करत होते, ट्रॅप भरलेला राहत होता. नव्या भाडेकरूला पहिल्याच रात्री दिवा लावल्यावर पाच-सहा झुरळं पळताना दिसली, तर ती त्यानं टेम्पोतून आणलेली नसतात. आल्या आल्या सगळ्या जाळ्यांमध्ये बादलीभर पाणी ओता, तुटक्या जाळ्या बदलून मागा.

स्वयंपाकघरातल्या बारीक झुरळांची गोष्ट वेगळी. ट्रॉलीच्या बिजागऱ्या, फ्रिजची मोटर, गॅस शेगडीची खालची बाजू ही त्यांची घरं. मादीच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात, त्यामुळे दोन दिसली तर दोनच आहेत असं समजू नये. ती किराणाच्या खोक्यातून येतात, तशीच शेजारच्या फ्लॅटमधून डक्टच्या पाइपाभोवतीच्या फटीतूनही येतात. इथे मात्र खरकटं आणि तेलकट ओटा त्यांना पोसतो, हे भाडेकरूनं मान्य करावं. हा निव्वळ किळसेचा विषयही नाही. झुरळांची विष्ठा आणि कात यांनी दमा बळावतो, लहान मुलांचा विशेषतः.

ढेकणांबद्दलचा गैरसमज सगळ्यात पक्का. ढेकणाला कचरा लागत नाही, रक्त लागतं. चकाचक हॉटेलातही ते असतात. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, भिंतीतला स्विचबोर्ड अशा जागी तो काहीही न खाता काही महिने काढू शकतो. म्हणून ‘फ्लॅट तर तीन महिने रिकामा होता’ हा युक्तिवाद ढेकणांपुढे टिकत नाही. फुल्ली फर्निश्ड घरात पलंग मालकाचा असेल आणि पहिल्याच आठवड्यात अंगावर ओळीनं चट्टे उठले, तर आधी पलंगाचे सांधे उघडून बघा. अर्थात तुम्हीच जुन्या बाजारातून दिवाण उचलून आणला असेल, तर मालकाला दोष देऊ नका.

उंदीर पाइपाभोवतीच्या न बुजवलेल्या भोकातून येतो. घरातल्या लहान उंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. भोक बुजवणं हे इमारतीचं काम आहे, स्वच्छतेचं नाही. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं त्याची साथ सोसली आहे, त्यामुळे ‘उंदीरच तर आहे’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

डास मात्र बऱ्याचदा आपलेच. डेंग्यूचा एडिस डास साध्या, साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण आणि डक्टमध्ये तुंबलेलं पाणी सोसायटीकडे. तिथे सेक्रेटरी ऐकत नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कीटकनियंत्रणाची तक्रार करता येते.

‘घर बघून घेतलंत, सही केलीत.’

दिसत होतं ते बघून घेतलं. जे दिसत नव्हतं त्याचं काय? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ नुसार, जागेतला एखादा दोष राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरण्यासारखा असेल, मालकाला तो ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर तो सांगणं मालकाला बंधनकारक आहे. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराचं मूळच या कायद्यात आहे. ओलीवर नुकताच रंग मारून फ्लॅट दाखवणं या कलमाच्या अगदी जवळ जातं. अडचण एकच, मालकाला ठाऊक होतं हे दाखवावं लागतं. वॉचमन, आधीचा भाडेकरू, सोसायटीकडे आधी गेलेली लेखी तक्रार, सगळं उपयोगी पडतं.

‘अकरा महिन्यांच्या करारात हक्क नसतात.’

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोकादायक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये एक चांगली तरतूद आहे. करारात उलट काही ठरलं नसेल, तर घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूनं ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हे पागडीच्या किंवा रीतसर भाडेपट्ट्याच्या भाडेकरूसाठी. लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत ‘लायसन्सी’, त्याला या कलमाचा आधार सरळ मिळत नाही. हे न सांगता कलम १४ चे स्क्रीनशॉट फिरवणारेही कमी नाहीत.

मग लायसन्सीकडे काय उरतं? करार. आणि इथे याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ कामाला येतं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणीकृत करारच नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ‘नोटरी केलीये, पुरे’ म्हणणाऱ्या मालकांना हे सहसा माहीत नसतं.

‘ओल पावसाळ्याची, रंग मारला की जाते.’

रंगाखाली ती तशीच असते, पुढच्या जूनमध्ये पोपडे धरते. मे महिन्यातही भिंत ओली असेल तर पाऊस सोडून वरच्या मजल्याचं बाथरूम बघा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतल्या शौचालय-सिंकची गळती त्या सभासदानं. म्हणजे वरचा सभासद किंवा सोसायटी. भाडेकरू या यादीत नाहीच. काळी बुरशी आली असेल तर तिच्यावर पुट्टी ओढून रंग देऊ नका, आणि दमेकऱ्याला त्या खोलीत झोपवू नका.

‘पेस्ट कंट्रोल एकदा केलं की झालं.’

ढेकणांची अंडी बहुतेक फवारण्यांना दाद देत नाहीत, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच. बारीक झुरळांसाठी जेल, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी लावायचं विषारी आमिष, लागतं, आणि जेलच्या ठिपक्यांवर कोणी उत्साहानं स्प्रे मारला तर झुरळं त्याला तोंड लावत नाहीत, पैसे वाया. शेजारचे दोन फ्लॅट तसेच राहिले तर हे सगळं पुन्हा.

खरी भीती वेगळीच आहे. स्वस्तात ‘गॅरंटी’ देणारा कोणी माणूस ढेकणांसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खोलीत ठेवून जातो. धान्याच्या गोदामांतल्या किडीसाठीच्या या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो फटींतून, डक्टमधून शेजारच्या घरात जातो आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या सरसकट कोणालाही विकायला आणि वापरायला मनाई आहे, तरीही त्यांनी राहत्या घरांत माणसं मेली आहेत. लसूण किंवा सडक्या मासळीसारखा वास, मळमळ, धाप असं काही जाणवलं तर खिडक्या उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि थेट दवाखाना गाठा. डायक्लोरव्हॉस, म्हणजे दुकानात ‘नुवान’ म्हणून मिळायचं ते, यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. फवारणाऱ्याकडे कीटकनाशक कायद्याखालचा परवाना मागा, औषधाचं नाव पावतीवर लिहून घ्या. मालकानं पाठवलेला माणूस असला तरीही.

या संदेशाला भाडेकरूंच्या ग्रुपांवर जे उत्तर फिरतं, ‘शेवटचे दोन महिने भाडंच देऊ नका, डिपॉझिटमधून वळतं करा’, तेही कामाचं नाही. करारात तशी सोय नसेल तर करार तुम्ही मोडलात असं होतं. मुदत संपल्यावर भांडत राहून जागा अडवली तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दरानं भरपाई मागितली जाते.

त्यापेक्षा चावी घेतली त्या दिवशीच जाळ्या, सिंकखालचे पाइप, पलंगाचे सांधे आणि भिंतींचे कोपरे यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. कीड दिसली की फोनवर बोलून झाल्यावर तेच लेखी कळवा, आणि हालचाल नसेल तर स्पीड पोस्टनं नोटीस, पोचपावती जपून. पुढच्या करारात दोन ओळी आधीच घालून घ्या: ताबा देण्यापूर्वी परवानाधारकाकडून कीटकनियंत्रण करून पावती देणं मालकाकडे, आणि वाळवी, गळती, ड्रेनेज वा इमारतीतल्या फटींमुळे होणाऱ्या किडीचा खर्च मालकाचा, बाकीचा राहणाऱ्याचा. एजंट म्हणेल, ‘असं कोणी लिहीत नाही.’ कराराचा मसुदा संगणकावरच असतो, ओळ वाढवायला त्याला दोन मिनिटं लागतात.