फिलॉसॉफी वाचायचीय? कांटला हात लावू नका (एवढ्यात)

परवा भाच्याने विचारलं, मामा फिलॉसॉफी वाचायचीय, सुरुवात कुठून करू? मी म्हटलं तो जर्मन तत्त्वज्ञ कांट सोडून कुठूनही कर. अनुभवाचे बोल आहेत हे. कॉलेजात असताना बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून (तीच आपली सयाजीरावांची, काचेच्या फरशीवाली) त्याचं १७८१ चं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' हे जाडजूड पुस्तक आणलेलं, दोनदा रिन्यू केलं, प्रस्तावनेपुढे काही गेलो नाही आणि मग कितीतरी वर्षं आपल्याला तेवढं डोकंच नाही असं धरून बसलो. डोक्याचा काही संबंध नव्हता हो. कांट ज्याच्यामुळे एवढा अस्वस्थ झाला तो स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम कोण हेच मला माहीत नव्हतं, शेजारच्या घरातलं भांडण मधूनच ऐकू आल्यावर जे होतं ते झालं.

इतिहासाच्या पुस्तकांपासूनही सुरुवात नको. जुन्या ग्रीकांपैकी थेल्स म्हणाला सगळं पाणी, हेराक्लिटस म्हणाला सगळं बदलतं... जीपीएससीची (गुजरातच्या सरकारी नोकरीच्या परीक्षेची) तयारी करतोय असं वाटतं.

त्यापेक्षा प्लेटोचा 'युथिफ्रो' घ्या. छोटासा संवाद आहे, एका दुपारी संपतो. युथिफ्रो स्वतःच्या बापावर खुनाची केस करायला कोर्टात आलाय, कारण बापाने एका मजुराला बांधून खड्ड्यात टाकलं आणि तो उपाशी, थंडीने मेला. सॉक्रेटिसवर पण तिथेच खटला आहे. तो विचारतो, बापाविरुद्ध उभा राहतोयस म्हणजे धर्म काय ते तुला पक्कं ठाऊक असणार, मग सांग, देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडते?

मी हे आईला संकष्टीच्या दिवशी विचारलं. ती भगर ढवळत म्हणाली, "देवाचं माहीत नाही बाबा, माझ्या सासूबाईंना आवडायचं." हे उत्तर प्लेटोत नाही, पण असायला हवं होतं.

आपल्याकडचं हवं असेल तर मिलिंदप्रश्न, राजा मिलिंद आणि बौद्ध भिक्षू नागसेन यांचा संवाद. नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे नक्की काय, चाकं? आस? दांडा? हे वाचून मी आमच्या स्कूटरकडे बराच वेळ बघत बसलेलो.

आणि वाचताना अंडरलाइन करत सुटू नका, एक पान झालं की पुस्तक मिटून कुणालातरी सांगून बघा, अडकाल तिथे समजलेलं नसतं.

काल रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, उत्तर दिलंच नाही की त्या युथिफ्रोने! घाईत आहे म्हणाला आणि गेला निघून."

हो, जातोच तो.