देव लिस्बनला नव्हे, फोंड्याला गेले

रविवारी सकाळी सात वाजता मडगावहून आत्याचा फोन. आवाज रडवेला. "बाबू, आपला मंगेश खरा नव्हे म्हणे रे? खरा तो लिस्बनच्या म्युझियमात आहे म्हणे." ब्याऐंशी वर्षांची बाई. गुडघे साथ देत नाहीत, तरी सोमवार आला की मंगेशीला न्या म्हणून मुलाच्या मागे लागते. तिला कुणीतरी हा व्हॉट्सॲपचा मजकूर वाचून दाखवला होता. गेले चार दिवस तो मलाही तीन ग्रुपांवर आला होता आणि मी तो न वाचता पुसत होतो. आता मात्र वाचावाच लागला.

मजकूर थोडक्यात असा : सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्याच्या देवळांतल्या हजारो मूळ मूर्ती जहाजांत भरून लिस्बनच्या संग्रहालयात नेल्या, आज आपण पुजतो त्या नकला. जुन्या गोव्याचं संग्रहालयही पोर्तुगीजांनीच उभारलं, म्हणून तिथे अजून त्यांचेच पुतळे मिरवतात. आणि संग्रहालय ही कल्पनाच गोऱ्यांची, आपल्याला जपून ठेवणं कधी ठाऊकच नव्हतं. खाली नटराजाच्या एका कांस्यमूर्तीचा फोटो, 'आपला चोरलेला देव' म्हणून. अहो, तो तमिळ घडणीचा नटराज! गोव्यातल्या कुठल्या देवळाच्या गाभाऱ्यातून उचलला, ते तरी सांगा.

सोळाव्या शतकात लिस्बनमध्ये मूर्ती ठेवायला संग्रहालय होतं कुठे? तिथलं प्राचीन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय 1884 सालचं, पुरातत्त्वाचं 1893 सालचं. म्हणजे जहाजं तीनशे वर्षं बंदरातच नांगर टाकून बसली होती की काय?

पण तारखांपेक्षा मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. संग्रह करायचा तर वस्तू मोलाची वाटायला हवी. इथे तिला सैतानाचं रूप मानत होते. कुन्य रिव्हार या पोर्तुगीज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथल्याच दप्तरातले कागद 'आर्किव्हु पोर्तुगेझ ओरिएंताल' या नावाने छापले. त्याच्या चौथ्या भागात गोव्यातल्या ख्रिस्ती धर्मपरिषदांचे ठराव आहेत, 1567च्या परिषदेचेही. ते चाळावेत. भाषा देवळं मोडण्याची आहे, मूर्ती सांभाळून पेटीत भरण्याची नाही. त्याच वर्षी दक्षिण गोव्यातल्या साष्टी महालातली देवळं एकामागून एक पाडली गेली. हा मजकूर लिहिणाऱ्याला वाटतं, तो पोर्तुगीजांवर आरोप करतोय. प्रत्यक्षात तो मोडतोड करणाऱ्यांना कलाप्रेमी ठरवतोय.

आणि आमच्या पूर्वजांना काय ठरवतोय? मंगेशाचं लिंग तेव्हाच्या साष्टीतल्या कुठ्ठाळीहून 1560 साली जुवारी नदी ओलांडून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला आलं. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. पलीकडे अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा, आदिलशाहीत होता, तिथे पोर्तुगीजांचा हात पोचत नव्हता. घर, शेत, माड मागे टाकून माणसांनी आधी देव उचलला आणि रातोरात होडीत बसली, असं घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आत्याच्या सासरी तर होडीत कोण बसलं, कोण मागे राहिलं यावरून अजून वाद होतो. या माणसांच्या हातातला देव काढून मजकूरवाल्याने तो लिस्बनच्या जहाजात ठेवला! नंतरच्या काळात झिजली किंवा भंगली म्हणून एखादी मूर्ती विधिपूर्वक बदलली गेली असेल, ती गोष्ट वेगळी. तिला नक्कल म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. काही दगड खरोखर गेले. पोर्तुगालमध्ये सिंत्रा गावी एका बागेत 1287चा संस्कृत शिलालेख आहे. सोमनाथ पाटणचा, वाघेला राजा सारंगदेव याच्या काळातला. ती बाग होती जुआंव द काश्त्रु या गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयची आणि लेख नेला तोही बहुधा त्यानेच. याच काश्त्रुला राजाचा हुकूम आला होता की मूर्ती शोधून फोडा. पण हा लेख गुजरातचा, गोव्याचा नव्हे. शिवाय तो लेख आहे, पूजेतला देव नव्हे.

जुन्या गोव्याच्या संग्रहालयातली व्हाइसरॉयांची चित्रंही याच काश्त्रुने 1547 साली सुरू केली. रंगवणारा हात इथल्याच एका चित्रकाराचा. राजवाड्याच्या भिंतींवर ती लागली ती रुबाब दाखवायला. पण संग्रहालय पोर्तुगीजांचं नव्हे. ते 1964 साली, म्हणजे मुक्तीनंतर तीन वर्षांनी, भारतीय पुरातत्त्व खात्याने उघडलं. गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कचा पुतळा तिथे मिरवत नाही, त्याला पणजीतून उतरवून आत आणून ठेवलाय. त्याच छपराखाली कदंबकाळातले वीरगळ उभे आहेत. एकावर जहाज कोरलंय, वल्ही मारणाऱ्यांच्या रांगेसकट. मजकूर लिहिणारा कधी तिथे गेला असता तर हे जहाज त्याला दिसलं असतं.

तिसरा मुद्दा दोन ओळींत. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी आपल्या राजा-राणीच्या प्रतिमा ओळीने कोरल्या आणि प्रत्येकीच्या वर ब्राह्मीत नाव लिहिलं. प्रतिमा झिजून गेल्या, पावलांच्या खुणा आणि नावं उरलीत. दोन हजार वर्षांपूर्वीची नावाची पाटीच म्हणा. नोंदवही, दालनं, सर्वांना खुला दरवाजा ही रचना इंग्रजी अमलात आली, कोलकात्याला 1814 साली, हे खरं. पण जपणं आपल्याला ठाऊक नव्हतं हे ज्याला म्हणायचंय त्याने ते मंगेशीला जाऊन, देवासमोर उभं राहून म्हणावं.

हे सगळं आत्याला फोनवर सांगायला पाऊण तास गेला. ती शांत झाली. मग म्हणाली, "ते असू दे. तो गुजरातचा दगड त्यांनी परत का नाही दिला?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. "आणि बाबू," ती म्हणाली, "तो मेसेज मी कालच भजनी मंडळाच्या ग्रुपावर घातला. आता पुसता येतो का?"