बिअरमधलं ‘ग्लिसरीन’ काढायला निघालेल्यांसाठी

ऊन तापलं की नागपुरात तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘बिअर टिकावी म्हणून भारतातल्या कंपन्या त्यात ग्लिसरीन घालतात. बाटली उघडून पाण्याच्या ग्लासात उलटी धरा, ग्लिसरीन तारा-तारांनी खाली उतरेल. नाहीतर सकाळी डोकं धरून बसाल. परदेशी बिअरमध्ये ही भेसळ नसते.’ वर्धा रोडच्या ढाब्यांवर हा विधी भक्तिभावाने चालतो. तोंडावर अंगठा, बाटली उलटी, सगळ्यांच्या नजरा ग्लासावर.

आधी टिकण्याचं बघू. जव भिजवून मोड आणतात आणि भट्टीत सुकवतात, हा झाला माल्ट. तो भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात मुरवला की स्टार्चची साखर होते. गोड रस गाळून हॉप्ससोबत (एका वेलीची कडवट फुलं) तासभर उकळतात, थंड करून यीस्ट सोडतात, ते साखरेचं अल्कोहोल करतं. हॉप्स कडवटपणा देतात आणि जंतूंनाही आवरतात. अल्कोहोल आहेच. वर बहुतेक बाटल्या भरल्यावर ६० अंशांच्या आसपास काही मिनिटं तापवून पाश्चराइज होतात. एवढं झाल्यावर टिकवायला ग्लिसरीन कशाला लागतंय?

थोडं ग्लिसरीन बिअरमध्ये असतं, हे मात्र खरं. साखर आंबवताना यीस्टच ते बनवतं, लिटरमागे साधारण एक-दोन ग्रॅम. बाटली जर्मनीतल्या म्युनिकची असली तरी तेच. वाइनमध्ये तर त्याच्या काही पट जास्त.

मग ग्लासातल्या तारा कसल्या? बिअरच्याच. ग्लिसरीन पाण्यात पूर्ण विरघळतं. एकदा विरघळलेलं बाटली उलटी केल्याने वेगळं होऊन गळत नाही. थंडगार बिअर साध्या पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून ती खाली उतरते आणि तिच्या जागी पाणी वर चढतं. दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, त्यामुळे मिसळताना तारा दिसतात. पटत नसेल तर छोट्या बाटलीत लिंबाचं सरबत भरून तीच करामत करा, तशाच तारा सुटतील. थोडक्यात, पैसे मोजलेली बिअर ग्लासात आणि ढाब्याच्या जगमधलं पाणी बाटलीत. ते पाणी कुठून भरलं, हे कोणी विचारत नाही!

राहिलं डोकं. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या दोन पेगांत जवळपास तेवढंच असतं. अल्कोहोलने लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला. दोन बाटल्या संपवणारा चार लार्ज पेग पचवत असतो आणि सकाळी ग्लिसरीनला शिव्या घालतो.