‘कॉयर म्हणजे चर्चचं गाणं’ : फिरत्या मेसेजला वडोदऱ्यातून उत्तर

गेल्या पंधरवड्यात आमच्या दांडिया बाजारातल्या मराठी मंडळींच्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज येऊन गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सिंफनीसोबत, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेसोबत, गाणारा कॉयर (गायकांचा वृंद, कोरसही म्हणतात) म्हणजे चर्चचंच गाणं. त्यात गाणारे सगळे पगारी. त्यांचं ‘डो रे मी’ आपल्या सारेगमवरून उचललेलं. आणि चार आवाजांतलं, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या ओळींचं, गाणं आपल्या कानांना मानवतच नाही, तेव्हा वडोदऱ्यात कुणी त्याच्या नादी लागू नये. मी दर रविवारी असल्याच एका छोट्या वृंदात गाते, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी चर्च. बाखची धार्मिक रचना, हँडेलचा ‘मसीहा’, मोझार्टचं ‘रेक्विएम’ अशा पुष्कळ गाण्यांचे शब्द ख्रिस्ती आहेत, हे खरंच. पण सिंफनीबरोबर उभा राहणारा मोठा कॉयर वाढला तो चर्चबाहेर. १७९१ साली बर्लिनमध्ये फाश नावाच्या दरबारी वादकाभोवती काही स्त्री-पुरुष जमले आणि चार आवाजांतली गाणी म्हणू लागले. त्यातून ‘झिंगअकादमी’ ही गायनसंस्था उभी राहिली. त्या काळी कित्येक चर्चमध्ये स्त्रियांना गाता येत नसे, वरचे सूर मुलगे गात. इथे मात्र शहरातल्या बायका पुरुषांच्या बरोबरीने गायला उभ्या राहिल्या. ११ मार्च १८२९ रोजी याच संस्थेच्या स्वतःच्या सभागृहात वीस वर्षांच्या मेंडेलसोन या संगीतकाराने बाखचं ‘मॅथ्यू पॅशन’ हे ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवरचं गायन पुन्हा उभं केलं. रचना चर्चसाठी लिहिलेली, पण ऐकणारे तिकीट काढून आले होते. त्या गर्दीमुळे दहा दिवसांनी, बाखच्या जन्मदिवशी, तिचा पुन्हा प्रयोग झाला.

पगाराचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. फाशनंतर ती संस्था सांभाळणारा झेल्टर मूळचा गवंडी. वडिलांचा बांधकामाचा धंदा सांभाळून संगीत शिकलेला माणूस, आणि मेंडेलसोनचा गुरूही तोच. इंग्लंडात हडर्सफील्ड हे लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांचं गाव. तिथली कोरल सोसायटी १८३६ पासून गाते आहे. बीथोवेनच्या नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात झाला, तेव्हा नाट्यगृहाच्या कोरसला जोड देणारे हौशी गायक तिथल्या संगीतप्रेमी मंडळाचे होते. आणि अगदी अलीकडचं पाहायचं, तर लंडनचा ‘फिलहार्मोनिया कोरस’ १९५७ साली रेकॉर्ड-निर्माते वॉल्टर लेग यांनी सुरू केला तोही हौशी गायकांचा. जर्मनीतल्या बायरॉइटच्या ऑपेरा महोत्सवात कोरस शिकवणारे विल्हेल्म पिट्झ यांनी तो तयार केला आणि पहिल्याच कार्यक्रमात वाद्यवृंद-संचालक क्लेम्परर यांच्या हाताखाली तो नववी सिंफनी गायला. रेडिओचे आणि ऑपेराचे कोरस पगारी असतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे दोन प्रकार एकत्र केले आहेत.

शंभर-दीडशे माणसं का लागतात आणि ती पगाराशिवाय का येतात, हे एकदा त्या रांगेत उभं राहिलं की कळतं. नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात वरच्या आवाजाच्या बायकांना एक उंच सूर खूप वेळ धरावा लागतो. एकटीचा श्वास तेवढा पुरत नाही. मग शेजारची गात असताना आपण गुपचूप श्वास घ्यायचा, आणि तिने घेतला की आपण सूर धरायचा. ऐकणाऱ्याला तो तुटलेला कळत नाही. हे करताना आपला आवाज शेजारणीच्या आवाजात मिसळावा लागतो, आणि ते शिकायला महिनोन्महिने जातात. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी लोक यासाठी येतात.

सारेगम उचलल्याची गोष्ट थोडक्यात संपते. ‘उत रे मी’ (‘उत’चाच पुढे ‘डो’ झाला) ही अक्षरं अकराव्या शतकात ग्वीदो दारेत्सो याने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आरंभांवरून घेतली. आपली अक्षरं षड्ज, ऋषभ, गंधार यांची लघुरूपं. दोघांचे उगम वेगळे, आणि त्यात कुणाचंच उणं होत नाही.

राहिले आमचे कान आणि आमचं वडोदरं. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. दरबाराबाहेरच्या माणसांना शिकवायचं, तेही स्वरलिपीवरून, असा त्यांचा आग्रह. मौलाबक्षांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ पठाण युरोपियन संगीत शिकायला लंडनला गेले. सुरसागराकाठची ती शाळा आज विद्यापीठाची फॅकल्टी आहे. तेव्हा ‘असलं वडोदऱ्यात चालत नाही’ म्हणणाऱ्याने आधी त्या तळ्याला एक फेरी मारावी.

आपल्याकडेही वृंदगान होतंच, असं म्हणून मी मात्र सुटणार नाही. आपलं भजन, आपली आरती एका चालीत असते. फार तर पुरुष तीच चाल खालच्या सप्तकात गातात. चार वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी, हे आपल्याला नवं आहे. पण नवं म्हणजे न मानवणारं नव्हे. तानपुरा नीट लावला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपले गवई स्वयंभू म्हणतात. सा, ग आणि प एकत्र वाजले की कॉयरचा पहिला मेळ तयार होतो. तो आपल्या कानांनी जन्मभर ऐकलेला असतो.

आमच्यात भजनी मंडळातून आलेल्या एक काकू आहेत, वय एकसष्ट. त्यांच्याकडे दुसरी ओळ, खालची. सुरुवातीला वरची चाल ऐकू आली की त्या नकळत तिकडे ओढल्या जायच्या. मग आम्ही तानपुरा चालू ठेवून फक्त त्यांची ओळ घेतली. त्यानंतर त्या एका कानावर हात ठेवून माझ्याबरोबर गायल्या, आणि पुढे हात काढून. दोन महिने गेले. परवाच्या रविवारी शेवटच्या मेळात त्यांचा गंधार माझ्या पंचमाखाली येऊन बसला आणि संपेपर्यंत हलला नाही.