येऊरमध्ये काचबेडूक सापडलेला नाही
‘ठाण्याच्या येऊर जंगलात पारदर्शक बेडूक सापडला, काळीज उघडं दिसतं’ असा मेसेज ‘एकाच जातीचे नर-मादी’ म्हणून दिलेल्या दोन फोटोंसह फिरतो आहे. हे चुकीचं आहे. काचबेडकांचं, म्हणजे पोटाची कातडी पारदर्शक असलेल्या बेडकांचं, कुळ फक्त दक्षिण मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आढळतं. भारतात त्याची एकही जात नाही.

फोटोतले बेडूक इक्वेडोरचे आहेत आणि ते ‘एकाच जातीचे नर-मादी’ही नव्हेत. हायलिनोबॅट्रॅकियम माश्पी आणि हायलिनोबॅट्रॅकियम नाउन्स अशा त्या दोन वेगळ्या जाती आहेत, २०२२ मध्ये जाहीर झालेल्या. लांबी जेमतेम २ सेंटिमीटर, हिरव्या पाठीवर पिवळे ठिपके, पोटातून दिसणारं लाल हृदय. डोळ्यांनी वेगळं सांगणं जवळपास अशक्य! फरक निघाला तो डीएनएमधून आणि नरांच्या हाकेतून. दोघांच्या जागांमध्ये अंतर १९ किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये ग्वायाबांबा नदीचं खोल खोरं आहे: दक्षिणेला माश्पी, उत्तरेला नाउन्स. म्हणूनच त्यांना एक समजणं घातक. नाउन्सच्या इंताग भागावर तांब्याच्या खाणींचं सावट आहे. तिथला ओढा गढूळला तर माश्पीचे बेडूक ती जागा भरून काढू शकत नाहीत.

आपल्याकडे अंड्यांनी भरलेल्या छोट्या झाडबेडकीच्या पोटावर टॉर्च मारला की कातडी पारदर्शक भासते. गल्लत बहुधा तिथेच होते. असा बेडूक दिसला तर हातात घेऊ नका. हाताला लावलेलं डास पळवणारं मलम त्याच्या कातडीतून आत शिरतं. पाठीचा आणि बाजूचा फोटो काढा, ओरडत असेल तर अर्धा मिनिट आवाज टिपा.